वजनाला बसणं

मंगळवार, १३ जानेवारी. सकाळपासून गोण्या शिवते आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, प्रत्येकीत पंचवीस किलो रेती, आणि तोंड दाभणाने सुतळी ओढून बंद. करंजाड्याच्या आमच्या नव्या शाखेत बॅटरीवरची पहिली तीनचाकी काल तयार झाली. ती रस्त्यावर काढायच्या आधी तिच्यावर पूर्ण वजन चढवून ती वळवून बघायची, हा आमचा नियम. मोटर बसवायला कंपनीकडून आलेले गृहस्थ माझ्या गोण्यांकडे बघून हसले. पन्नाशीचे, पोट सुटलेले, बोलायला चांगले. म्हणाले, "मॅडम, एवढा व्याप कशाला? आपण पाचजण आहोत की इथे. बसतो मागे. वजन आरामात भरेल."

मी "नाही" म्हटलं ते इतक्या मोठ्याने, की वेल्डिंग करणाऱ्याने काच वर करून माझ्याकडे बघितलं. त्या गृहस्थांचा काही दोष नव्हता. त्यांनी जे वाक्य म्हटलं ते मी आमच्या घरात लहानपणापासून दर रविवारी ऐकलेलं होतं. इतक्या वर्षांनी ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं. सुतळी संपेपर्यंत हात चालत राहिले, पण डोकं नेरूळला जाऊन बसलं होतं. म्हणून ते आज लिहून काढते.

आमचं दुकान नेरूळला एका चार मजली इमारतीच्या तळाला होतं आणि घर बरोबर त्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. आप्पा, म्हणजे माझे वडील, औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात वेल्डर होते. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी हा गाळा घेतला आणि सायकली दुरुस्त करायला बसले. आमच्या घराला त्यामुळे खालचे आवाज होते. आप्पा जोड दिल्यावर पान्याने नळीवर ठोकून बघायचे. ठण्ण असा स्वच्छ आवाज आला तर जोड पक्का, बसका आला तर पुन्हा. वर पोळ्या लाटता लाटता आई ऐकायची आणि म्हणायची, "हा काही लागला नाही." थोड्या वेळाने खालून कापायच्या चाकाची किंकाळी यायची, म्हणजे आईचं बरोबर. चाकाच्या तारा ताणताना आप्पा त्या बोटाने छेडायचे, तेव्हा टिंग टिंग आवाज अर्धा तास चालायचा आणि माझी धाकटी बहीण मीनल त्या तालावर पाढे म्हणायची. लोखंड तापल्याचा वास आणि फोडणीचा वास जिन्यात एकमेकांत मिसळलेले असायचे. शेजारच्या काकू नाक मुरडायच्या. आम्हाला तो वास येतच नसे.

एका पाववाल्याची सायकल एकाच जागी तीनदा मोडली तेव्हा आप्पांनी त्या जागी दुसरी आडवी दांडी जोडून दिली. तिथून आमचं दुकान वाढायला लागलं. पाववाल्याने दूधवाल्याला सांगितलं, दूधवाल्याने सिलिंडर पोचवणाऱ्याला. आप्पा पुढचा चिमटा दुहेरी करायचे, मागे बोटभर जाड सळईचं कॅरियर लावायचे, आणि बाजारातली साधी सायकल गाढवासारखी ओझ्याला तयार करून द्यायचे. गिऱ्हाईक विचारायचं, किती वजन घेईल? आप्पा सांगायचे, "रविवारी या. दाखवतो."

तर रविवार. आमच्याकडे मटण असायचं, साताऱ्याकडचं, कांदा-खोबरं भाजून वाटलेलं, वर बोटभर तवंग आणि ज्वारीची भाकरी. आमच्याकडे राहणारी माझी विधवा आत्या, शांताआत्या, नळी फोडून त्यातला रस ताटात ठोकून काढायची तो आवाजही रविवारचाच. जेवण झालं की आप्पा हात धुऊन जिन्यात उभे राहायचे आणि ओरडायचे, "चला, वजन!" मग आम्ही सगळ्या जणी खाली जायचो. आई, आत्या, मी, मीनल. तयार झालेल्या सायकलवर आम्हाला बसवून आप्पा गल्लीला फेरी मारायचे. कॅरियरवर आई आणि मीनल, पुढच्या दांडीवर मी. मग आई उतरून आत्या. आम्ही याला वजनाला बसणं म्हणायचो. मुद्दाम जेवणानंतर, कारण आप्पांचं म्हणणं, "भरल्या पोटी बसा. गिऱ्हाइकाला दोन किलो जास्तच देऊ." शेजारी गॅलरीत उभे राहून बघायचे. "निघाली वरात," असं कुणीतरी म्हणायचंच.

आमची वजनं आप्पांना तोंडपाठ होती. दर दिवाळीला ते आम्हाला भंगारवाल्याच्या काट्यावर न्यायचे. एकीकडे रद्दीचे गठ्ठे, दुसरीकडे फुटक्या बादल्या, आणि मध्ये नवा परकर-पोलका घातलेली मी. बारा वर्षांची झाल्यावर मी लाजेने रडले होते. आत्याने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "रडू नको, वजन कमी भरेल." आई अडुसष्ट, आत्या साठ, मी बावन्न, मीनल चाळीस, असे ते आकडे माझ्या विसाव्या वर्षी होते.

बसायचीही एक रीत होती. आप्पा शिकवायचे. वळण आलं की आत झुकायचं. आखडून बसायचं नाही, सायकलशी भांडायचं नाही. मी पाच वर्षांची असल्यापासून हे शिकले होते आणि मला त्याचा अभिमान होता. "वैशूला बसवा, ती कळायच्या आधी झुकते," असं आप्पा लोकांना सांगायचे. पोहता येणं किंवा रांगोळी येणं, तसं मला वजनाला बसता येत होतं.

विसाव्या वर्षी मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दुपारनंतर दुकानात. पहिली मोठी ऑर्डर मीच आणली. आमच्या बाजूच्या सेक्टरमध्ये सहा बायकांचा एक बचत गट होता. त्यांनी पाणी भरायचं एक छोटं केंद्र चालवायला घेतलं होतं. वीस लिटरचे जार भरायचे आणि दुकानं, दवाखाने, कार्यालयं इथे पोचवायचे. पुढारी होत्या संध्याताई, अंगणवाडीत काम केलेल्या, आवाज खणखणीत. त्यांच्यात नेरूळ गावातल्या हौसाबाई होत्या, आणि जुबेदाभाभी. भाभी मूळची उरणकडची, नवरा जहाजावर, उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलणं असं की समोरचा हसल्याशिवाय राहत नसे. या बायका जार हातगाडीवर ढकलत न्यायच्या. मी त्यांना म्हटलं, तीनचाकी घ्या. पुढे एक चाक, मागे दोन, मध्ये पाट. बारा जार एका वेळी.

संध्याताईंची अट एकच होती. सोसायट्यांच्या छोट्या गेटमधून गाडी आत गेली पाहिजे, नाहीतर वॉचमनशी रोज भांडण. आप्पांनी गेटं मोजली आणि मागची दोन चाकं त्या मापाने जवळ घेतली. पाट चाकांच्या वर ठेवला. जार दोन थरांत, खाली सहा, वर सहा. आप्पांनी आतापर्यंत तीनचाकी बनवली नव्हती, पण जोड असे दिले होते की ठोकल्यावर देवळातल्या घंटेसारखे वाजत.

रविवारी सहा जणी बघायला आल्या. आम्ही चौघी पाटावर बसलो. आमचं वजन अकरा जारांचं होत होतं, म्हणून बाराव्या जाराऐवजी आईने घरातला मसाला वाटायचा पाटा मांडीवर घेतला. आप्पा चालवायला बसले. गल्लीच्या टोकाला जाऊन वळले, परत आले, दुसरीकडे वळले. उतारावरून आणून वळवली. गाडी करकरली नाही, वाकली नाही. संध्याताईंनी टाळ्या वाजवल्या. हौसाबाई म्हणाल्या, "पाट्यासकट बाई नेली, पानी काय जड हाय?" आप्पा घामाने निथळत होते आणि हसत होते. सहा गाड्या द्यायचं ठरलं. महिन्याभरात त्या दिल्या. बातमी वाशीच्या घाऊक बाजारापर्यंत गेली. तिथले दोन व्यापारी म्हणाले, शनिवारी येतो, पसंत पडली तर वीस घेऊ. वीस! आप्पांनी शेजारचा गाळा विचारून ठेवला.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी दुपारी संध्याताईंचा दुकानात फोन आला. मी उचलला. सर्व्हिस रोडला उतारावरून डावीकडे वळताना जुबेदाभाभीची गाडी उलटली होती. भाभी उजव्या अंगावर पडली, तिच्या हातावर गाडीचा दांडा आणि दांड्यावर जार. मागून बस येत होती. ड्रायव्हरने दाबलेल्या ब्रेकने बस थांबली ती भाभीच्या डोक्यापासून दोन हातांवर.

दोन हात. मी फोन ठेवला आणि तो नीट ठेवला गेला नाही, लोंबत राहिला. आप्पांना सांगितलं तर ते पान्याने नट आवळत होते ते आवळतच राहिले. नट केव्हाच पक्का बसला होता. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जोड तुटला?" जोड तुटला नव्हता. गाडी टेम्पोत घालून दुकानात आणली तेव्हा आप्पांनी बोट फिरवून एकेक जोड बघितला. कुठे केसाएवढी चीर नव्हती. त्यांचा जीव भांड्यात पडला. दुकानात जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "बाईमाणूस. उतारावर सुटली असेल जोरात." दुसरा म्हणाला, "वळणाला ब्रेक मारतात का कुणी?" आप्पांनी मान हलवली. मीही हलवली. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण हलवली.

दवाखान्यात भाभी पडून होती. मनगट मोडलेलं, दोन बोटांवर मोठी पट्टी. चेहरा पांढराफटक, पण तोंड चालू. मी बरोबर मोसंबी नेली होती. ती हातात धरूनच विचारलं, "भाभी, जोरात होतात का?"

"जोरात? अगं, पायी जाणारा म्हातारा मला मागं टाकून गेला. वळून बघून हसला पण मेला."

"मग ब्रेक—"

"ब्रेक नाय, काय नाय. हळूच वळवली. आतलं चाक उचललं आणि वजन सगळं बाहेर गेलं. मी काय करणार, एवढी मोठी गाडी, मी धरू कुठं?" मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, "वैशाली, त्या दिवशी तुम्ही बसलेलात ना मागे, तुझी आई, आत्या? मला हसू आलेलं. वळण आलं की चौघी एकदम आत. होडीत बसल्यासारख्या. आमच्याकडं होडी कलली की सगळे असेच दुसऱ्या अंगाला होतात. माणूस होतो. जार होतो का गं?"

मी मोसंबी खाटेवर ठेवली. ती घरंगळून खाली गेली आणि भिंतीपर्यंत गेली, मी ती उचललीही नाही. माझ्या डाव्या मांडीला आठवलं. डोक्याला आठवायच्या आधी मांडीला. त्या रविवारी उतारावरच्या वळणाला माझ्या खालची कड हलकी झाली होती. आतलं चाक उचललं होतं. मी ते ओळखलं होतं आणि कळायच्या आधी झुकले होते, आणि ते खाली टेकलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी ते छान केलं होतं.

भाभीला मी काय सांगितलं, किती सांगितलं, ते मला आठवत नाही. मी धावत बाहेर पडले एवढं आठवतं. (तिची ती दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. ती आता करंजाड्यालाच राहते, मुलाकडे, आणि बाजारात भेटली की पिशवी माझ्याकडे देऊन म्हणते, "धर, तू वजनाला चांगली.")

उन्हं कलायच्या आत मी दुकानात परतले. संध्याताईंकडून बारा जार मागवून घेतले, पूर्ण भरलेले. आप्पा म्हणाले, "काय चाललंय?" मी म्हटलं, "बघा फक्त." उलटलेल्या गाडीचा पाट ठोकून सरळ केला, खाली सहा, वर सहा जार ठेवले, दोरी आवळली, आणि गल्लीत निघाले. हळू. मीनल बाजूने चालत होती आणि तिला माझ्याबरोबर राहायला पाय उचलावे लागत नव्हते. गल्लीच्या टोकाला वळवली. आतलं चाक उचललं. मी हँडल सोडून उडी मारली. गाडी आडवी झाली, दोर तुटला, एक जार फुटला आणि बाकीचे गडगडत गटाराच्या कडेला गेले. गॅलऱ्यांतून माणसं ओरडली. मला उठता येत होतं, पण मी रस्त्यावर बसूनच राहिले. पाणी माझ्या सलवारीखालून वाहत होतं. माणूस चालतो त्या वेगाने ती उलटली होती.

आप्पांनी पुन्हा करून बघितलं. स्वतः. फुटलेला सोडून उरलेले अकरा जार लावून. या वेळी मीनल आणि मी दोन्हीकडून धरायला उभ्या होतो म्हणून गाडी वाचली. मग त्यांनी जार उतरवले आणि आम्हाला बसायला सांगितलं. आई खाली आली, आत्या आली. तेच वळण, तोच वेग. गाडी सरळ. तिला काही झालंच नाही. आप्पा गाडीवरून उतरले आणि आमच्या चौघींकडे असे बघत राहिले, जशा आम्ही कुणी परक्या बायका आहोत.

"इतकी वर्षं," ते म्हणाले. मग, "दोन चाकांच्या सायकलला चालतं ते. तिथे चालवणाराच झुकतो. तिथे चालतं." हे ते आम्हाला सांगत नव्हते.

त्या संध्याकाळी पिठलं होतं, लाल तिखटाचं, आणि भाकरी. सगळे जेवायला बसले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. कुणाला भूक नव्हती, पण आमच्या घरात ताट वाढलं की बसायचं. आप्पा खाली बघून बोलत होते. मागचा आस रुंद करायचा. पाट खाली, चाकांच्या मध्ये घ्यायचा. जार एकाच थरात. दोन दिवसांचं काम एका गाडीला. "रविवारी सगळ्या गाड्या बोलावून घेऊ. तोवर सांगू, हळू चालवा."

"भाभी हळूच चालवत होती," मी म्हटलं.

"शनिवारी वाशीचे लोक येणार आहेत. आज पाच गाड्या बंद केल्या तर उद्या सगळ्या मार्केटात बोभाटा होईल. मग कोण येतंय? चार दिवस. चार दिवसांचा प्रश्न आहे."

"आणि चार दिवसांत बस?"

आईने भाकरी त्यांच्या ताटात टाकली आणि सहज, अगदी मीठ कमी झालंय म्हणावं तशी, म्हणाली, "मला तर त्या दिवशी दर वळणाला वाटायचं, आता पडते. मी म्हटलं, माझंच वजन जास्त. म्हणून पाटा असा आत धरून बसलेले."

आप्पांचा हात थांबला. "तुला वाटत होतं?"

"वाटणार नाही? खालून उचलतंय असं व्हायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुमच्या गाडीला कधी काय झालंय का? मला वाटलं, मलाच बसता येत नाही."

शांताआत्या इतका वेळ भाकरीचा तुकडा नुसता पिठल्यात फिरवत होती. ती म्हणाली, "मी डोळे मिटायचे. उताराला तर मी देवाचं नाव घेतलं." मीनल म्हणाली, "मी ताईला धरून तिच्याकडे ओढून घ्यायची. मला वाटलं, ती करते तसं करायचं असतं."

मी सगळ्यांची तोंडं बघत होते. चौघी. चौघींनाही ते चाक उचललेलं कळलं होतं. प्रत्येकीने आपल्या अंगाने ते खाली दाबलं होतं आणि प्रत्येकीने ते आपलं काम समजून, किंवा आपली चूक समजून, पोटात ठेवलं होतं. आप्पा तिथे पुढे बसून पायडल मारत होते. त्यांच्या पाठीमागे चार बायका त्यांची गाडी सावरून धरत होत्या, आणि त्यांना वाटत होतं की गाडी चांगली आहे. मला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडायचं? मीच तर सगळ्यांत चांगली बसायची. आप्पांनी ताटात हात धुतले, जे ते कधीच करत नसत, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ बघून मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस म्हातारा होणार आहे.

मला एवढं माहीत होतं की संध्याताईंची पहिली फेरी सकाळी सातला निघते. पाच गाड्या, पाच बायका, प्रत्येकीला तो उतार दोनदा. फोन करून सांगितलं तर संध्याताई "बरं, जपून जातो" म्हणतील आणि निघतील, कारण पाण्याची वाट बघणारे थांबत नाहीत. मीसुद्धा तेच केलं असतं.

सकाळी पावणेसहाला मी खाली उतरले. शटर अर्धं वर होतं. आप्पा आत स्टुलावर बसले होते, आदल्या दिवसाचेच कपडे. मी पान्यांच्या फळीवरून पंधरा नंबर घेतला. ते म्हणाले, "तो ठेव. त्या गाड्यांना जाड आस घातलाय. सतरा लागेल." मी सतराचा घेतला.

दुकानातली सिलिंडरवाल्याची मजबूत सायकल काढली आणि पाणी केंद्रावर गेले. पाचही गाड्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, रात्रभराच्या दवाने ओल्या. पहिल्या गाडीच्या पुढच्या चाकाचा नट आप्पांनी इतका आवळलेला होता की पान्यावर उभी राहिले तेव्हा सुटला. पाचवं चाक काढत होते तोवर बायका आल्या. संध्याताईंनी लांबूनच ओरडायला सुरुवात केली.

"ए वैशाली! काय करतेस? चोरी करतेस का काय?"

मी उठून उभी राहिले. हात ग्रीसने काळे. मी सांगितलं. भाभी हळू होती. आमची गाडी उलटते. आम्ही चौघी बसलो होतो आणि झुकत होतो म्हणून तुम्हाला ते दिसलं नाही, आणि आम्हालाही दिसलं नाही. जार झुकत नाहीत. एवढंच.

संध्याताई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की त्या नजरेपेक्षा शिव्या परवडल्या असत्या. "आमच्या लेकीबाळी मागच्या रविवारी त्याच गाडीवर बसून गेल्या," त्या म्हणाल्या. "तुझी आई बसली म्हणून आम्ही घेतली गं."

"हो," मी म्हटलं.

हौसाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि गाड्यांच्या त्या पाच मोडक्या थोबाडांकडे बघून म्हणाल्या, "ता सगला खरा. पन लोकांना पानी पायजे, चाक नाय. त्याचा काय?"

मी पाचही चाकांतून साखळी ओवली, केंद्राच्या खिडकीच्या गजाला कुलूप घातलं आणि किल्ली संध्याताईंच्या हातात दिली. मग सिलिंडरची सायकल स्टँडवर लावली, दोन जार कॅरियरच्या दोन बाजूंना बांधले, तिसरा मध्ये आडवा टाकला, दोरी गुडघा लावून आवळली, आणि पहिला पत्ता विचारला.